टाचेवर तीन बोटं

दीड वर्ष मी सकाळी जिना आडवा होऊन उतरत होतो. एक हात कठड्याला, दुसरा भिंतीला, चाल खेकड्याची. टाचेच्या वर, पायामागे, रात्रीतून कुणीतरी शीर आखूड करून ठेवलेली असायची. चहा होईपर्यंत ती सैल पडायची आणि मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी मी पुन्हा टेकडीवर पळायला जायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेकडा. घरात तेल चोळून झालं, शेकून झालं. एका नातेवाइकांनी ‘हा वातच’ असं ठरवून माझी वांगी आणि बटाटे बंद केले. तीन आठवडे मी वांग्यावाचून काढले. टाचेला त्याचं काही वाटलं नाही.

टाचेच्या दुखण्यावरच्या या पुस्तिकेचे लेखक दोघं आहेत. एक डॉक्टर अ‍ॅक्युपंक्चर करतात आणि एक मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. मी दोघांचाही रुग्ण. प्रस्तावना मागायला ते आले तेव्हा मी म्हटलं, एखाद्या नामवंत अस्थितज्ज्ञाकडे जा, पुस्तकाला वजन येईल. मॅडम म्हणाल्या, “ते पुस्तकाबद्दल लिहितील. तुम्ही टाचेबद्दल लिहा.” म्हणून टाचेपासूनच सुरुवात करतो.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येता येता एकत्र होतात आणि त्यांची जी जाड, पांढरी, दोरखंडासारखी पट्टी टाचेच्या हाडात रुतते, ती ही कंडरा. शरीरातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात बळकट. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. सत्तर किलोचा माणूस टेकडी चढतो तेव्हा प्रत्येक पावलाला ही पट्टी अर्ध्या टनाच्या आसपास भार पेलते आणि तक्रार करत नाही. बरीच वर्षं करत नाही, असं म्हणू.

कंडरा हा शब्द जुना. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा मोजल्या आणि त्यांतल्या चार पायांना दिल्या. घोड्याच्या मागच्या पायातल्या अशा जाड शिरेला जुन्या मराठीत धोंडशीर म्हणत. शत्रूचे घोडे निकामी करायचे तर धोंडशिरा तोडत, इतकं तिचं महत्त्व लढणाऱ्यांना ठाऊक होतं. अकिलीस या ग्रीक वीराचं नाव मात्र तिला फार उशिरा चिकटलं. फिलिप वेरहेयेन या फ्लेमिश शरीररचनाकाराने १६९३ साली आपल्या ग्रंथात तिला अकिलीसची दोरी म्हटलं. या वेरहेयेनचा स्वतःचा एक पाय तरुणपणीच कापावा लागला होता. त्याने तो जपून ठेवून त्याचंच विच्छेदन केलं आणि त्यातून हे नाव सुचलं अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती बरी. आणि ज्या कथेवरून हे नाव आलं, म्हणजे आईने बाळाला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवलं ती, होमरच्या महाकाव्यात नाहीच. ती पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे सापडते. आपल्याकडे जरा नावाच्या पारध्याचा बाण कृष्णाला लागला तो तळपायाला. पायाच्या मागे-खाली कुठेतरी मरण असतं ही कल्पना बऱ्याच लोकांना सुचलेली दिसते.

आता मूळ अडचण. टाचेच्या हाडापासून वर साधारण दोन ते सहा सेंटिमीटर, म्हणजे आपलीच एक ते तीन बोटं, या पट्ट्यात कंडरेला रक्त फार कमी मिळतं. माझं दुखणं तिथलं. बहुतेकांचं तिथलंच. कंडरा तुटते तीही बहुधा तिथेच. त्यात भर म्हणजे हा ऊतक विलक्षण संथ आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. १९५०-६०च्या दशकांत झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात उतरला. तो मोजून त्यांनी दाखवलं की अकिलीस कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. माझ्या टाचेमागे जी दोरी आहे ती शाळेत असताना वळली गेली होती. पन्नाशीत मी तिच्यावर टेकड्या चढवत होतो.

‘सूज आली आहे’ असं आपण सरसकट म्हणतो. जुने डॉक्टरही म्हणत आणि सुजेच्या गोळ्या देत. पण अनेक महिने दुखणाऱ्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तिथे नेहमीची सूज फारशी दिसत नाही. समांतर असायला हवेत असे कोलॅजेनचे धागे विस्कटलेले दिसतात. जिथे नकोत तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू शिरलेले असतात. सुतळीचा पीळ एका जागी सुटावा तसं हे असतं. पीळ सुटलेल्या सुतळीवर सुजेची गोळी काय करणार?

मग सुई काय करणार, हा प्रश्न मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, पालथं झोपायला सांगितलं.

टाचेच्या या दुखण्याशी दोन जागांचं नातं जवळचं. बाहेरच्या घोट्याचं हाड आणि कंडरा यांच्यामध्ये एक खळगा असतो, तिथला बिंदू कुनलुन. आतल्या घोट्यामागे, बरोबर त्याच्यासमोर, थायशी. कुनलुन ही चीनच्या पश्चिमेची पर्वतरांग आणि थायशी म्हणजे मोठा ओढा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओढा, मध्ये उभी माझी दुखरी दोरी. पोटरीच्या मध्यावर, टाच उचलली की जिथे स्नायूचा कोपरा उमटतो, तिथे छंगशान, पर्वत पेलणारा. शरीरशास्त्राच्या नावांत आपल्याला लॅटिन पाठ करावं लागतं, इथे भूगोल. आणि अंतर मोजायचं ते रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने आणि बोटांनी. आयुर्वेदात अंगुळं मोजतात तसंच. हे साम्य दिसलं की आपल्याकडे कुणीतरी लगेच ‘म्हणजे हे मूळचं आपलंच’ असं म्हणतं. मला तो मोह होत नाही. ज्याला बोटं आहेत तो बोटांनी मोजतो. सुयांचं शास्त्र ज्या तपशिलात चिनी ग्रंथांत दोन हजार वर्षांपूर्वी मांडलं गेलं, ते श्रेय त्यांचं त्यांना द्यावं.

सुई पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहून बारीक. टोचल्याचं फारसं कळत नाही. कळतं ते नंतर, डॉक्टर ती चिमटीत धरून हलकेच फिरवतात तेव्हा. आत काहीतरी जड होतं, मुंग्या नव्हेत, ठणकाही नव्हे. दूरवर कुणी पोटरीवर तळहात दाबून ठेवलाय असं वाटतं. चिनी वैद्य याला दे-ची म्हणतात आणि ते आल्याशिवाय सुई लागली असं मानत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं. कंडरेच्या आत सहसा सुई घालत नाहीत, तिच्या दोन्ही काठांनी घालतात. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. चौथ्या वेळेनंतर सकाळचा जिना सरळ उतरलो. तीन दिवसांनी पुन्हा आडवा. ही चढउतार पुस्तिकेत स्पष्ट लिहिली आहे याचा मला आनंद आहे, कारण अशी पुस्तकं बहुधा ‘चौथ्या वेळेनंतर बरं वाटलं’ इथेच थांबतात.

या सुया आपल्यापर्यंत आल्या त्या वाटेवर एक सोलापूरकर उभा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, गेले. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटामुळे ते आपल्या घराघरांत पोहोचले. बसू परत आले, १९५०च्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात रुजवलं. कोटणीस स्वतः सुयांचे वैद्य नव्हते, शस्त्रक्रिया करणारे होते. तरी लुधियानात त्यांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय चालतं. चीन म्हटलं की कोटणीस, आणि चीन म्हटलं की सुया. स्मृती अशीच जोडाजोड करते. केंद्र सरकारने अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली ती २०१९ साली. महाराष्ट्राचा कायदा त्याआधीचा, २०१५चा. म्हणजे सुई टोचणाऱ्याला ‘तुमची नोंदणी आहे का’ असं विचारणं हा आता आगाऊपणा नाही.

पुरावा काय, हा प्रश्न राहतोच. तो पुस्तिकेतल्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, मी माझ्या समजुतीपुरता सांगतो.

टोकियो विद्यापीठातल्या कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली धडधाकट माणसांच्या अकिलीस कंडरेत सुई घालून तिथलं रक्त आणि त्यातला ऑक्सिजन मोजला. दोन्ही वाढले आणि सुई काढल्यावरही काही वेळ वाढलेलेच राहिले. नुसत्या शेकण्याचा परिणाम एवढा टिकला नाही. जिथे रक्ताचीच टंचाई आहे तिथे ही लहान गोष्ट नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजेव्हिन यांनी दाखवलं की सुई फिरवली की त्वचेखालच्या जोडऊतकाचे धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात. चातीवर सूत चढावं तसे. डॉक्टरांच्या चिमटीला जी ‘पकड’ जाणवते ती हीच. ब्राझीलमध्ये कॅम्पिनासच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमी कंडरेवर काम झालं. गुडघ्याखालचा एक बिंदू आणि पोटरीवरचा छंगशान, या जागी सुया लावल्यावर भरून येणाऱ्या कंडरेतलं कोलॅजेन वाढलं आणि धागे अधिक शिस्तीत बसले. उंदीर मात्र वारीला जात नाहीत आणि साताऱ्याचा घाटही पळून चढत नाहीत.

माणसांवरचा, याच दुखण्यावरचा नाव घेण्यासारखा प्रयोग चिनी संशोधकांचा. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या अकिलीस दुखण्याचे ६४ रुग्ण, अर्ध्यांना आठ आठवडे सुया, अर्ध्यांना टाच खाली सोडण्याचा व्यायाम, तो पुढे येईलच. ऑस्ट्रेलियात तयार झालेली या दुखण्याची शंभर गुणांची एक प्रश्नावली आहे. सकाळी किती आखडतं, जिना उतरताना काय होतं, एका पायावर किती उड्या मारता येतात, असले प्रश्न. सुयांच्या गटाला तिच्यात जास्त गुण मिळाले आणि चोविसाव्या आठवड्यातही ते पुढेच होते. हे वाचून मी खूश झालो. मॅडमनी माझ्या आनंदावर पाणी ओतलं. चौसष्ट माणसं म्हणजे किती? खोट्या सुईचा गट कुठे आहे? आणि या व्यायामाला बारा आठवडे लागतात, आठव्या आठवड्यात तुलना करून काय कळणार? डॉक्टर शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली. दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं त्याचं कारण मला त्या मान डोलावण्यात दिसतं.

खोटी सुई ही गंमतीची वस्तू आहे. हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ साली अशी सुई मांडली जी त्वचेला टेकली की नाटकातल्या कट्यारीसारखी स्वतःतच मागे सरकते. रुग्णाला वाटतं टोचली. या खोट्या सुईनेही पुष्कळांना बरं वाटतं. अ‍ॅक्युपंक्चरचे टीकाकार इथे विजयी मुद्रेने थांबतात. पण मग इतर सुयांचंही बघायला हवं. रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून तो कंडरेत टोचायचा, हा उपचार खेळाडूंमध्ये फार गाजला. महागही आहे. नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली आणि निकाल २०१०च्या जानेवारीत छापून आला. अर्ध्यांना प्लेटलेट्स, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, व्यायाम दोघांनाही. चोवीस आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले. ज्या सुईत काहीच नव्हतं तीही तेवढीच चालली. तेव्हा हसायचं तर सगळ्यांना हसावं. माझं साधं मत असं की दोन्हीकडे खरं काम बहुतेक त्या ‘व्यायाम दोघांनाही’ या दोन शब्दांनी केलं.

त्या व्यायामाची जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वीडनमधल्या उमिओचे अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन स्वतः पळणारे होते आणि त्यांची कंडरा दुखत होती. वरिष्ठांना ते म्हणाले, माझं ऑपरेशन करा. वरिष्ठ म्हणाले, एवढ्याने नाही करणार, तुटली तर बघू. आल्फ्रेडसननी ठरवलं, मग तोडूनच दाखवतो. पायरीच्या कडेवर उभं राहून, पाठीवर वजन घेऊन, टाच खाली सोडायची, पुन्हा पुन्हा. कंडरा तुटली नाही. ती बरी झाली. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा निष्कर्ष छापला: दिवसातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून तीन फेरे, बारा आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. दुखलं तरी करायचं. ज्या भाराने ती बिघडली तोच भार, हळू आणि मोजून दिला, तर विस्कटलेल्या धाग्यांना पुन्हा ओळीत यायला लावतो.

मग सुई कशाला? कारण दुखऱ्या पायाने १८० हा आकडा होत नाही. मी सुरुवातीला चाळिसाला थांबायचो. सुया लावलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नव्वद, शंभर होत. दुखणं थोडं मागे सरकतं, स्नायूचा ताठरपणा उतरतो आणि तेवढ्या फटीत व्यायाम बसवता येतो. सुईकडून मी एवढंच मागतो. ती कंडरा शिवत नाही. कुणी तसं सांगत असेल तर पैसे देण्याआधी उठावं.

उठण्याची आणखी काही कारणं पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात चौकटीत दिली आहेत. मी असतो तर ती पहिल्या पानावर छापली असती. बॅडमिंटन खेळताना, बस पकडायला धावताना, ‘फट’ असा आवाज आला आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर मागे कुणीच नाही, तर ती कंडरा तुटलेली आहे. पालथं झोपवून पोटरी दाबली की निरोगी पायाचं पाऊल हलतं, तुटलेल्याचं हलत नाही. घरातलं माणूसही हे पाहू शकतं. अशा वेळी सुयांकडे नव्हे, अस्थितज्ज्ञाकडे जायचं, आणि त्याच दिवशी. गंमत म्हणजे पहिल्या दिवसानंतर दुखणं कमी होतं आणि माणूस लंगडत का होईना चालू शकतो, म्हणून कित्येक जण ‘मुरगळला असेल’ म्हणून आठवडे घालवतात. त्यांचे पाय तेल-मालिशवाल्यांच्या हातात जातात. काहींचे सुयांखाली. डॉक्टरांनी असे दोन रुग्ण पहिल्या पाच मिनिटांत परत पाठवलेले मी स्वतः पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट औषधाची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं कंडरेला दुबळी करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला. आपल्याकडे जुलाब झाले की सिप्रोची पट्टी औषधवाल्याकडून बिनचिठ्ठीची मिळते. साठीनंतर, किंवा स्टेरॉइड चालू असताना, हे जास्त धोक्याचं. कंडरेवर गाठी जाणवत असतील तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासावं, कारण आनुवंशिक कोलेस्टेरॉल कधी कधी टाचेमागेच साचतं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी सुईआधी तसं सांगावं. गरोदर बाईला कुनलुनवर सुई लावायची नाही, हा तर चिनी परंपरेचाच नियम आहे.

एवढं सगळं लिहून झाल्यावर डोळ्यांसमोर येतो तो ल्यू श्यांग. शांघायचा हा मुलगा २००४ साली अथेन्सला ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १२.९१ सेकंदांत जिंकला. दोन वर्षांनी १२.८८ चा विश्वविक्रम केला. १८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या मैदानात सगळा देश त्याच्यासाठी बसला होता. दुसऱ्या एका धावपटूची सुरुवात चुकली, सगळे परत बोलावले गेले, आणि ल्यू श्यांग वळून बोगद्यातून आत निघून गेला. अकिलीस. त्याच्या प्रशिक्षकांना पत्रकारांसमोर रडू आवरलं नाही. चार वर्षांनी, ७ ऑगस्ट २०१२ला लंडनमध्ये, पहिल्याच अडथळ्याला तो धडकला आणि कंडरा तुटली. एका पायावर उड्या मारत तो कडेकडेने गेला, शेवटच्या अडथळ्याशी थांबला आणि त्याचं चुंबन घेतलं. ज्या देशाने जगाला सुया दिल्या, ज्याच्याकडे पैसा, डॉक्टर, यंत्रं, सगळं हात जोडून उभं होतं, त्या देशाच्या सगळ्यात लाडक्या पायाची ही गोष्ट. कंडरेला ऑलिंपिकची तारीख कळत नाही. दीड वर्षं खेकडा झालेल्या माझ्यासारख्याला त्या वळून जाणाऱ्या पाठीबद्दल फार माया वाटते.

आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर एक शाळेची दोनशे पानी वही असते. प्रत्येक रुग्णाने आपापला रोजचा आकडा त्यात लिहायचा, टाच किती वेळा खाली सोडली तो. एकदा माझ्या तीन दिवसांच्या रकान्यांत काहीच नव्हतं. लग्न होतं, पाहुणे होते, असं मी काहीबाही सांगत पालथा झालो. डॉक्टरांनी वही पाहिली, सुयांचं न उघडलेलं पाकीट पुन्हा खणात ठेवलं आणि म्हणाले, “बाहेरच्या पायऱ्या मोकळ्या आहेत. पंचेचाळीस करून या, मग बघू.”